मध्यमा पूर्ण झाल्यावर कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजात संगीत शिकावे का?

तुम्ही विचारले आहे, की गांधर्व महाविद्यालय मंडळाची हिंदुस्थानी संगीताची मध्यमा पूर्ण परीक्षा देऊन बरीच वर्षे झाली, लग्नानंतर एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) कॅलिफोर्नियात आलात, पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता येत नाही. अशा स्थितीत इथल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, संगीताला प्रवेश घ्यावा का. अवश्य घ्यावा, असे माझे मत आहे. मात्र अगदी पहिल्या वर्गापासून सुरुवात करा आणि कानाच्या अभ्यासाचा वर्ग पुढे ढकलू नका. मी तो ढकलला आणि त्याचा त्रास पुढे वर्षभर सोसला.

आधी खर्चाचे सांगते. राज्याचे रहिवासी म्हणून तुमची नोंद झाली, तर शुल्क युनिटला (वर्गाचा अभ्यासभार मोजण्याच्या एककाला) ४६ डॉलर आहे, म्हणजे चार युनिटांचा वर्ग १८४ डॉलरांत होतो. रहिवासी नसलेल्यांना कित्येक पट जास्त भरावे लागतात. एच-४ वर शिकण्यासाठी वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही, आणि राज्यात एक वर्ष वास्तव्य झाल्यावर रहिवासी म्हणून अर्ज करता येतो. घराचा भाडेकरार आणि इतर कागदपत्रे घेऊन कॉलेजच्या प्रवेश कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारणे उत्तम.

आता मुख्य मुद्दा. इथे संगीताचे शास्त्र (थिअरी) आणि त्याला जोडून ‘म्युझिशियनशिप’ असे दोन वर्ग बरोबरीने चालतात. यातला दुसरा म्हणजेच कानाच्या अभ्यासाचा वर्ग; त्यात कागदावरची ओळ पाहताक्षणी गायची असते आणि पियानोवर वाजलेली धून मोजक्या वेळा ऐकून लिहून काढायची असते. आपला कान तयार आहे, या समजुतीने मी केवळ शास्त्राचा वर्ग घेतला. कान तयार होताच, पण तो एकाच षड्जाला बांधलेला होता. आपल्याकडे तानपुरा सुरू झाला, की मैफल संपेपर्यंत सा सहसा हलत नाही. इथे धून चालू असतानाच सा दुसऱ्या स्वरावर सरकतो, आणि आठ मात्रांपूर्वी जो पंचम होता तोच नवा षड्ज म्हणून मनात धरावा लागतो. ‘डो रे मी’ म्हणजे आपलाच ‘सा रे ग’, असे समजून मी निश्चिंत होते. परंतु आमच्या वर्गात मायनर स्वरसप्तक ‘ला’पासून, म्हणजे ‘डो रे मी’तल्या सहाव्या स्वरापासून, गात असत, म्हणजे आसावरी थाटाचा सा ‘ला’ या नावाने गायचा. हे जिभेवर बसायला मला दोन महिने लागले. मूर्च्छनांचा, म्हणजे सप्तकातला दुसरा स्वर सा मानून गाण्याचा, अभ्यास झाला असेल, तर तुम्हाला हे लवकर उमगेल.

तुमच्या शिक्षणाचा फायदा नक्की होईल. पाश्चात्त्य सप्तके आपल्या थाटांशी जुळतात: मेजर सप्तक म्हणजे बिलावल, डोरियन म्हणजे काफी, फ्रिजियन म्हणजे भैरवी, लिडियन म्हणजे कल्याण. इतरांना ज्या धड्याला आठवडे लागतात, तो तुम्हाला एका बैठकीत समजेल. लयीच्या श्रुतलेखनातही तुम्ही पुढे असाल. गांधाराकडे मात्र लक्ष ठेवा. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा पियानोचा गांधार सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे पियानोवरच्या दोन लगतच्या स्वरांतील अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो, म्हणून आरंभी तो बोचतो. दोन्ही गांधार आपापल्या जागी खरे आहेत, हे मान्य केल्यावर माझी कुरबुर थांबली.

स्वरसंवादाचा, म्हणजे हार्मनीचा, भाग पूर्णपणे नवा असेल. चार आवाजांचे लेखन शिकताना मी दोन आवाज सा-प अशा अंतरावर ठेवून एकाच दिशेने नेले होते. माझ्या कानाला ते तानपुऱ्यासारखे भरदार वाटले, पण वही परत आली तेव्हा त्या प्रत्येक जागेभोवती लाल वर्तुळ होते. पंचमाच्या अंतराने समांतर चालणारे आवाज एकमेकांत विरघळतात आणि चार आवाजांपैकी एक हरवल्यासारखा होतो, हे कारण शिक्षकांनी वाजवून दाखवले, तेव्हा या संगीताचा विचार कोणत्या दिशेने चालतो, हे मला प्रथमच समजले.

पियानोचा सामूहिक वर्गही पहिल्या सत्रातच घ्या. हेडफोन लावलेल्या डिजिटल पियानोंच्या रांगेत बसून प्रत्येक जण आपापला धडा वाजवतो. पेटी वाजवणाऱ्याचा उजवा हात तयार असतो, पण डावा जन्मभर भाता ओढत आलेला असतो; त्याच्या करंगळीला आणि अनामिकेला पट्टी दाबण्याची सवयच नसते. माझा डावा हात सत्र संपेपर्यंत मागेच राहिला.

कॉलेजच्या गायनवृंदात नाव घालाच. आमच्या वृंदात अठरा वर्षांच्या मुलांशेजारी सत्तरीचे निवृत्त लोक उभे असत. शेजारची बाई वरची ओळ गात असताना आपली खालची ओळ न सोडणे ही साधना एकट्याने होत नाही. (गांधर्व महाविद्यालय लाहोरला १९०१ साली सुरू झाले आणि अमेरिकेतले पहिले सरकारी ज्युनियर कॉलेज, म्हणजे आजच्या भाषेत कम्युनिटी कॉलेज, जोलिएटला त्याच वर्षी; सर्वसामान्य माणसाला शिकायला दार उघडे ठेवणाऱ्या या दोन संस्था समवयस्क आहेत, याचे मला फार अप्रूप आहे.)

पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात पदवीसाठी जायचे असेल, तर एक गोष्ट आजच लक्षात घ्या. कम्युनिटी कॉलेजची ट्रान्सफर पदवी (विद्यापीठात पुढे जाण्यासाठीची दोन वर्षांची पदवी) मिळाली, तरी विद्यापीठाचा संगीत विभाग सहसा स्वतंत्र ऑडिशन घेतो आणि बऱ्याच ठिकाणी शास्त्राची चाचणीही. त्या ऑडिशनला ख्याल चालेल, असे गृहीत धरू नका. ज्या विभागात जायचे, तिथल्या अपेक्षा पहिल्याच सत्रात विचारून घ्या. वैयक्तिक शिकवणी मिळवण्यासाठीही कॉलेजात छोटी परीक्षा असू शकते आणि सत्राच्या शेवटी शिक्षकांसमोर गावे लागते.

नवे सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होणार असेल, तर हाताशी असलेल्या आठवड्यांत दोन्ही क्लेफमधले (ओळींवरच्या स्वरांची जागा ठरवणाऱ्या उंच आणि खालच्या चिन्हांतले) स्वर न अडखळता वाचायला शिका, आणि रोज पंधरा मिनिटे बिलावल केवळ डाव्या हाताने वाजवा.