अंड्यांपासून सुरुवात कर

प्राण्यांचे हाल नकोत म्हणून अंडी-मांस सोडायचं म्हणतोस, तर सगळं एका दिवसात सोडायच्या भानगडीत पडू नकोस. घरात वाद होतात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आधी अंडी बघ. बॅटरी पिंजऱ्यात, म्हणजे ओळीने लावलेल्या तारेच्या पिंजऱ्यात, एका कोंबडीच्या वाट्याला ए-फोर कागदाहून कमी जागा येते. पंख पसरता येत नाहीत, मातीत लोळता येत नाही, चोचीचं टोक लहानपणीच कापलेलं. युरोपीय संघाने असे साधे पिंजरे 2012 पासून बंद केले. आपल्याकडे सर्रास चालतात. अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं तर हॅचरीतच, म्हणजे अंडी उबवतात तिथेच, मारतात, कारण ती धंद्याला नको असतात.

तपकिरी अंडं म्हणजे गावरान, असं दुकानदार सांगेल. ऐकू नकोस. कवचाचा रंग जातीवर ठरतो, कोंबडी पिंजऱ्यात होती की परसात यावर नाही. खुराडं दाखवा म्हण.

आणि मटण सोडून चिकन जास्त खाल्लंस तर उलट जास्त जीव जातात, कारण एका बकऱ्याइतक्या मांसाला कित्येक कोंबड्या लागतात. ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्या, साधारण सहा आठवड्यांत कापतात. वजन इतकं झपाट्याने वाढतं की कित्येकांना धड उभंही राहवत नाही.

मटकीची उसळ, पिठलं घरात होतंच. फक्त आईशी आधी बोल. तिच्या हातचा रस्सा का नको, हे तिला तुझ्याकडूनच कळू दे.