रॅम्पवरचे गडद ओठ आणि ओलसर केस स्वतःवर कसे उतरवावेत?

फॅशन शोमधले गडद ओठ आणि चापून बसवलेले, ओलसर दिसणारे केस तुम्हाला आवडतात, पण तेच स्वतःवर करून पाहिले की सोंग घेतल्यासारखे वाटते. असे लुक प्रत्यक्षात कसे वापरावेत आणि गडद लिपस्टिक संध्याकाळभर कशी टिकवावी, असे तुम्ही विचारले आहे. मेकअप करणे हाच माझा व्यवसाय असल्याने हा प्रश्न माझ्या कानावर वरचेवर येतो आणि माझे उत्तरही बहुधा तेच असते. रॅम्पवरून एकच गोष्ट उचलावी, ती अतिशय नेटकेपणाने करावी आणि बाकीचा चेहरा शक्य तितका मोकळा ठेवावा. सोंगाची भावना रंगामुळे क्वचितच येते. ओठांची कड विस्कटलेली असते किंवा एकाच चेहऱ्यावर तीन-चार लुक कोंबलेले असतात, तेव्हा ती येते.

आधी हे लक्षात घ्यावे लागते की रॅम्पवरचा मेकअप प्रखर दिव्यांसाठी, दूर बसलेल्या प्रेक्षकांसाठी आणि छायाचित्रकारांसाठी केलेला असतो. तो काही मिनिटे टिकला तरी त्याचे काम झालेले असते. शिवाय काही लुक कोणी वापरावेत म्हणून केलेलेच नसतात. 2009 मध्ये पॅरिसमध्ये झालेल्या फॅशन डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन यांच्या शोमध्ये मेकअप आर्टिस्ट पीटर फिलिप्स यांनी मॉडेल्सचे ओठ मूळ आकाराच्या कितीतरी बाहेर, लाल आणि काळ्या रंगांत, विदूषकासारखे रंगवले होते. तो कपड्यांचा संग्रहच फॅशनच्या जगाची टिंगल करणारा होता आणि ते ओठ त्या टिंगलीचा भाग होते. जानेवारी 2024 मध्ये मेझाँ मार्जेला या फॅशन हाउससाठी मेकअप आर्टिस्ट पॅट मॅकग्रा यांनी केलेली चिनीमातीच्या बाहुलीसारखी चकचकीत त्वचाही अशीच गाजली. सोलून काढायचे फेस मास्क पाण्याने पातळ करून त्यांचे थरावर थर एअरब्रशने फवारल्याचे त्यांनी नंतर सांगितले. असा चेहरा घेऊन जेवणे किंवा खळखळून हसणे अवघडच. म्हणून छायाचित्र पाहताना 'हे मला जमेल का' असे विचारण्याआधी 'यातली कोणती एक गोष्ट सर्वांत आधी नजरेत भरते' हे स्वतःला विचारावे आणि तेवढीच घ्यावी.

येथे एक गंमत नेहमी घडते. गडद ओठांची रॅम्पवरची छायाचित्रे नीट पाहिलीत, तर त्यांपैकी बऱ्याच चेहऱ्यांवर डोळ्यांना जवळजवळ काहीच लावलेले नसते. भुवया फक्त ब्रशने वर वळवलेल्या असतात, कित्येकदा मस्कारासुद्धा नसतो. जे केलेलेच नाही ते नजरेत भरत नाही, त्यामुळे नक्कल करताना आपण ओठ उचलतो आणि डोळ्यांवर मात्र सवयीचे जाड आयलायनर, शिमर आणि खोट्या पापण्या तशाच ठेवतो. तुमच्या बाबतीत हेच होत असावे असा माझा अंदाज आहे. पुढच्या वेळी आयलायनर पूर्णपणे वगळून पाहा.

आता रंगाविषयी. त्वचेची छटा उबदार (पिवळसर) की थंड (गुलाबी-निळसर), यावर हल्ली फार चर्चा होते. माझ्या मते ती गरजेपेक्षा जास्त होते. त्वचेच्या रंगात आणि लिपस्टिकच्या गडदपणात किती अंतर आहे, हे त्यापेक्षा महत्त्वाचे ठरते. गोऱ्या त्वचेवर काळपट जांभळा रंग एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो, तर सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर तोच रंग शांत आणि भारदस्त दिसतो. उलट फिकट, दुधाळ गुलाबी रंग गडद त्वचेवर जास्त धीट ठरतो. लाल रंगात एवढा फरक मात्र अवश्य पाहावा की निळसर झाक असलेल्या लाल रंगाने दात पांढरे भासतात आणि केशरी झाक असलेल्या लाल रंगाने दातांचा पिवळेपणा उठून दिसतो. मॅक या कंपनीची 1999 पासून मिळणारी 'रूबी वू' ही लिपस्टिक निळसर लाल रंगाचे प्रसिद्ध उदाहरण आहे, पण ती इतकी कोरडी आहे की ओठांवरून नीट सरकतसुद्धा नाही. त्यामुळे शिकाऊ हातांनी तिच्यापासून सुरुवात करू नये. ओठ पातळ असतील, तर गडद मॅट रंग प्रकाश परत फेकत नसल्याने ते आणखी लहान दिसतात, हेही ध्यानात ठेवावे. अशा वेळी तोच गडद रंग किंचित चमक असलेल्या पोताचा घ्यावा.

लावण्याची पद्धत जरा सविस्तर सांगते, कारण सगळे यश तेथेच आहे. ओठांची त्वचा फार पातळ असते आणि चेहऱ्याच्या बाकी त्वचेसारखी ती स्वतःहून तेलकट राहत नाही, म्हणून ती लवकर सुकते आणि तिचे पापुद्रे निघतात. मेकअपला बसताना सर्वांत आधी बाम लावावा, पंधरा-वीस मिनिटांनी ओल्या मऊ कापडाने ओठ हलकेच पुसावेत आणि बामचा अंशही शिल्लक ठेवू नये. बाम राहिला की पेन्सिल घसरते आणि रंग कडेबाहेर ओघळतो. मग लिपस्टिकच्याच छटेचे लिप लायनर, म्हणजे ओठांची कड रेखण्याची पेन्सिल, घेऊन वरच्या ओठाच्या मधल्या खळग्यात एक लहानशी फुली काढावी. खालच्या ओठाच्या मध्यावर एक आडवी रेघ द्यावी. त्यानंतर तोंड किंचित उघडून कोपऱ्यांकडून मध्याकडे यावे, तेही एका दमात रेघ न ओढता छोट्या-छोट्या फटकाऱ्यांनी. कोपर बाहेर अधांतरी ठेवू नये. ते टेबलावर टेकवावे आणि करंगळी हनुवटीवर ठेवावी, म्हणजे हात थरथरत नाही. दोन्ही बाजू सारख्या झाल्या नाहीत, तर लहान बाजू वाढवण्याचा मोह आवरावा आणि मोठी बाजू त्वचेच्या रंगाच्या कन्सीलरने झाकून आत घ्यावी, नाहीतर दोन्हीकडे वाढवता-वाढवता ओठ नाकाशी पोहोचतात.

कड झाली की संपूर्ण ओठ त्याच पेन्सिलने भरावेत, वर ब्रशने लिपस्टिकचा पातळ थर द्यावा, टिश्यू दाबून जास्तीचा रंग टिपून घ्यावा आणि मग दुसरा पातळ थर द्यावा. कोपऱ्यांत रंग नेहमी कमीच असू द्यावा, कारण बोलताना तेथेच तो साचतो. शेवटी चपट्या, बारीक ब्रशवर अगदी थोडा कन्सीलर घेऊन ओठांच्या बाहेरून कड रेखावी. रॅम्पवरचे ओठ कागद कापल्यासारखे धारदार दिसतात ते पुष्कळदा या बाहेरच्या रेघेमुळे. आरशापासून हातभर मागे सरून, तोंड मिटून आणि हसून, असे दोनदा पाहिल्याशिवाय काम झाले असे मानू नये. दातांना रंग लागू नये म्हणून स्वच्छ बोट ओठांत धरून बाहेर ओढावे. आतल्या बाजूचा रंग बोटावर येतो.

लिपस्टिक किती टिकेल, हे ती कशाची बनली आहे यावर ठरते. कांडीच्या लिपस्टिकमध्ये मेण, एरंडेलासारखी तेले आणि रंगद्रव्ये असतात. ती ओठांवर कधीच पूर्ण सुकत नाही, म्हणून कपाला लागते, पण तिच्यावर पुन्हा रंग लावणे सोपे असते. सुकून मॅट होणाऱ्या द्रवरूप लिपस्टिकमध्ये बहुधा आयसोडोडेकेनसारखा लवकर उडून जाणारा द्रव असतो आणि तो उडाल्यावर सिलिकॉन रेझिन व रंग यांचा एक पातळ पडदा ओठांवर राहतो. पाणी त्याचे फारसे काही बिघडवत नाही, पण तेलापुढे तो टिकत नाही. तेलकट पदार्थ खाल्ला की ओठांच्या मध्यभागी आतून रंग निघू लागतो तो यामुळेच. अमेरिकेतील रसायनतज्ज्ञ हेझेल बिशप यांनी 1950 च्या सुमारास न पुसणारी लिपस्टिक बाजारात आणली, तेव्हा त्यांनी निराळा मार्ग धरला होता. त्वचेलाच रंगवणारे रंग त्यांनी वापरले. आजचे लिप स्टेन त्याच वाटेने जातात.

व्यवहारात याचा अर्थ असा की द्रवरूप लिपस्टिक एकाच पातळ थरात लावावी, ती पूर्ण सुकेपर्यंत ओठ एकमेकांवर दाबू नयेत आणि सुकलेल्या थरावर जेवणानंतर पुन्हा तीच थापू नये, कारण त्याने भेगा पडतात. मधला उरलासुरला रंग ओल्या टिश्यूने काढावा आणि तेवढ्याच जागी पेन्सिल फिरवावी. लांबलचक जेवणाचा कार्यक्रम असेल, तर मी स्वतः कांडीची लिपस्टिकच निवडते. जेवण झाल्यावर आरशात पाहून ती नीट करता येते आणि ओठही सोलल्यासारखे होत नाहीत.

कडेची एवढी उस्तवार नको असेल, तर रॅम्पवरच वारंवार दिसणारा दुसरा मार्ग आहे. लायनर न वापरता गडद रंग ओठांच्या मध्यावर लावावा आणि बोटाच्या टोकाने थोपटत बाहेर पसरवावा, म्हणजे कड धूसर राहते. रंग तितकाच गडद असूनही हा लुक सौम्य वाटतो आणि विस्कटला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. सुरुवात मी येथूनच करायला सांगेन. काळे किंवा निळे ओठ मात्र धूसर करू नयेत, ते मळल्यासारखे दिसतात. त्यांना खाली काळ्या पेन्सिलचा सलग थर लागतोच.

बाकीच्या चेहऱ्यासाठी थोडक्यात सांगते. लाल लिपस्टिक लावली की नाकाच्या कडेचा आणि हनुवटीवरचा लालसरपणा जास्त जाणवतो, म्हणून संपूर्ण चेहऱ्यावर जाड फाउंडेशन लावण्याऐवजी फक्त त्या जागा झाकाव्यात. गालांवर तीच लिपस्टिक बोटाने नावापुरती लावली की वेगळ्या ब्लशची गरज पडत नाही. फ्लॅशने छायाचित्रे निघणार असतील, तर सिलिका असलेली पांढरी, बारीक पावडर सढळ हाताने लावू नये. आरशात ती दिसत नाही, पण छायाचित्रात डोळ्यांखाली पांढरे डाग उमटतात.

केसांकडे वळू. ओलसर दिसणारे केस बहुतेकांचे बिघडतात, याचे कारण असे की जेल सगळ्या केसांना लावले जाते आणि मग डोके तेल थापल्यासारखे दिसते. हा परिणाम फक्त कपाळापासून कानांच्या मागच्या रेषेपर्यंत हवा. मागचे केस सुके सोडावेत किंवा मानेवर खाली साधा अंबाडा घालावा. केस धुऊन टॉवेलने टिपून घ्यावेत आणि ते दमट असतानाच भांग पाडावा, कारण सुकल्यावर भांग आपल्या जुन्या जागी परततो. जेल तळहातांवर पसरून मुळांपासून मागे न्यावे, बारीक दातांच्या फणीने केस बसवावेत आणि कपाळावरची भुरभुर जुन्या, मऊ टूथब्रशवर हेअरस्प्रे मारून चापावी. यानंतर ते सुकेपर्यंत हात लावू नये. सुक्या केसांवर जेलचे थर चढवले किंवा आधी तेल लावलेले असले, तर जेल केसांना नीट धरत नाही आणि थोड्या वेळाने त्याचे पांढरे कण खांद्यावर पडतात. केस कुरळे असतील, तर ते आधी इस्त्री करून सरळ करण्याची काहीच गरज नाही. पुढचा भाग चापून मागे आपले कुरळे केस तसेच मोकळे सोडले, तर मला ते रॅम्पवरच्या मूळ लुकपेक्षाही देखणे वाटते.

गडद ओठ आणि चापलेले केस हे दोन्ही एकत्र करायचे असतील, तर दागिने आणि डोळे दोन्ही शांत ठेवावेत; पहिल्यांदा करत असाल, तर त्यांपैकी एकच करावे. अंबाडा इतका ताणून बांधू नये की भुवया वर ओढल्या जातील. एखाद्या संध्याकाळपुरते ते खपून जाते, पण रोज असे केल्यास कपाळाकडचे केस विरळ होतात आणि ही झीज फार काळ चालू राहिली, तर गेलेले केस परत येतातच असे नाही.

घरी आल्यावर द्रवरूप लिपस्टिक पाण्याने घासत बसू नये. कापसावर थोडे तेल घेऊन तो ओठांवर अर्धा मिनिट धरावा, म्हणजे तो पडदा आपोआप सुटतो. जेल लावलेल्या केसांत कोरडेपणी फणी घालू नये. आधी कोमट पाण्याने ते पूर्ण विरघळू द्यावे, मग शाम्पू करावा आणि कंडिशनर केसांत असतानाच रुंद दातांच्या फणीने गुंता सोडवावा.