ऑरलँडोत स्वस्त हॉटेल: डिस्नेच्या आत की बाहेर?

तुम्ही विचारलंय की पाच जणं आहोत, आम्ही दोघं, पाच आणि नऊ वर्षांची मुलं आणि सासूबाई, डिस्ने वर्ल्डला चार रात्री जायचंय, बाहेरचं हॉटेल निम्म्यात मिळतंय तर डिस्नेच्या हॉटेलला जास्त पैसे का घालायचे. आम्ही दोनदा गेलोय, पहिल्यांदा बाहेर राहून आणि दुसऱ्यांदा आत, म्हणून लिहितेय, जरा लांबेल.

आधी ते 'निम्म्यात' नीट तपासा. बाहेरच्या बऱ्याच हॉटेलांना भाड्याशिवाय रोजची सक्तीची रिसॉर्ट फी असते. मे २०२५ पासून अमेरिकेत नियम आलाय की सक्तीची फी धरूनच भाडं दाखवायचं, त्यामुळे चेकआउटला बसणारा तो धक्का आता कमी झालाय, पण टॅक्स आणि हॉटेलचं पार्किंग तरी वरून लागू शकतंच. त्यात गाडी घेऊन रोज पार्कला गेलात की तिथलं पार्किंग वेगळं. डिस्नेच्या हॉटेलात रिसॉर्ट फी नाही, स्वतः गाडी लावलीत तर हॉटेलचं पार्किंग फुकट आणि पार्कचंही फुकट. हे सगळं चार दिवसांचं कागदावर मांडा, मग बोला निम्मं की काय ते. आमचा फरक मांडल्यावर एक चतुर्थांशावर आला होता.

आता शटल, म्हणजे पार्कला नेणारी-आणणारी हॉटेलची गाडी. 'फ्री शटल' हे दोन शब्द वाचून मी बाहेरचं बुक केलं आणि तिथेच फसले. सकाळी दोन फेऱ्या, संध्याकाळी दोन, सीट आदल्या दिवशी रिसेप्शनला जाऊन लिहून ठेवायची, आणि शेवटची गाडी आतिषबाजी संपायच्या आधीच सुटायची! पहिल्या रात्री आम्ही आतिषबाजी बघितली, मग धाकटी खांद्यावर झोपलेली, तिचा एक बूट माझ्या हातात आणि दुसरा कुठेतरी पडलेला, असे टॅक्सीच्या रांगेत उभे. पुढचे तीन दिवस टॅक्सीच केली. तेव्हा बाहेरचं घेणार असाल तर हॉटेलला मेल करून विचारा की शेवटची गाडी किती वाजता, कुठून, आणि सीट धरावी लागते का. उत्तर गुळमुळीत आलं तर शटल नाहीच असं धरून चाला.

पण माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे, दुपारी खोलीवर परत येणार का? पाच वर्षांचं मूल आणि सासूबाई, दोघंही फ्लोरिडाच्या उन्हात सकाळी ८ ते रात्री १० टिकणार नाहीत, आणि उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी पाऊस ठरलेला. परत येऊन दोन तास झोप, मग संध्याकाळी पुन्हा, असं करायचं तर हॉटेल जवळच हवं. सकाळी जाऊन रात्रीच यायचं असेल तर खोली काय, पाठ टेकायला.

डिस्नेची सगळ्यात स्वस्त म्हणजे व्हॅल्यू रिसॉर्ट्स, तीन ऑल-स्टार (मूव्हीज, म्युझिक, स्पोर्ट्स), पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन. ऑल-स्टार बहुतेक वेळा सगळ्यात कमी, पण तिथून सगळीकडे बसच, आणि गर्दी कमी असली की तिन्ही हॉटेलांना मिळून एकच बस फिरते. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन यांच्या मधल्या तळ्यावर स्कायलायनरचं, म्हणजे डिस्नेच्या रोपवेचं, स्टेशन आहे, २०१९ पासून, त्या पाळण्यातून डिस्नेच्या चार पार्कांपैकी एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला जाता येतं. उरलेल्या मॅजिक किंगडम आणि ॲनिमल किंगडमला मात्र तिथूनही बसच. स्कायलायनरमध्ये स्ट्रोलर (मुलांची ढकलगाडी) न मिटता आत जातो, बसमध्ये झोपलेलं पोर उचलून मिटावा लागतो, हा फरक चौथ्या दिवशी कळतो. फक्त वीजबीज चमकायला लागली की पाळणे बंद करतात, मग बसची वाट बघा.

शिवाय डिस्नेच्या कुठल्याही हॉटेलात राहिलात की रोज चारही पार्कमध्ये अर्धा तास आधी सोडतात. अर्धा तास म्हणजे काय मोठं असं मलाही वाटलेलं, पण मुलं सात वाजता तयार असतील तर त्यात एखादी मोठी राइड रांगेशिवाय होऊन जाते. मुलं नऊला उठणारी असतील तर या सोयीचे पैसे वाया.

तुमची अडचण वेगळी आहे, माणसं पाच. व्हॅल्यूच्या साध्या खोलीत चारच जण, वर फक्त तीन वर्षांखालचं बाळ चालतं. म्हणजे एकतर दोन खोल्या, नाहीतर फॅमिली सुइट. तो ऑल-स्टार म्युझिक आणि आर्ट ऑफ ॲनिमेशनला आहे, सहा जणांचा, दोन बाथरूम. दोन साध्या खोल्यांचं आणि एका सुइटचं भाडं त्याच तारखांना शेजारी शेजारी लावून बघा, कधी हे स्वस्त पडतं कधी ते. दोन खोल्या घेतल्यात तर मधे दार असलेल्या मागा, नाहीतर सासूबाई वेगळ्या मजल्यावर.

(ऑरलँडोतल्याच युनिव्हर्सलच्या थीम पार्कांना एखादा दिवस जाणार असाल तर तिथलं गणित उलटं आहे. तिथल्या तीन महागड्या हॉटेलांत, पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक, रॉयल पॅसिफिक, युनिव्हर्सलच्या दोन जुन्या पार्कचा एक्सप्रेस पास (राइडची मोठी रांग टाळायचा) खोलीतल्या सगळ्यांना फुकट, आणि तो चेक-इनच्या आणि चेक-आउटच्या दोन्ही दिवशी चालतो. म्हणजे एक रात्र राहून दोन दिवस. पाच जणांचे पास सुटे घेतले तर कित्येकदा खोलीच स्वस्त पडते.)

तुमच्या जागी मी असते तर आधी ऑल-स्टार म्युझिकचा सुइट बघितला असता, नाही परवडला तर पॉप सेंच्युरीत दोन खोल्या. तारखा आणि बाहेरच्या हॉटेलचं शटलचं टाइमटेबल इथे टाका, बघून सांगते.