यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहून मॉड्युलर सिंथेसायझर उभा करायचा आहे. ६० हजारांत आधी कोणती मॉड्यूल्स घ्यावीत?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "ऑसिलेटर दोन घ्यावेत की तीन, ते ठरत नाहीये. केस आणि पॉवर सप्लायचं नंतर बघू." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलो. नंतर बघू नका. केस, पॉवर सप्लाय आणि तुमच्या गावची वीज, या तीन गोष्टी आधी. मॉड्यूल, म्हणजे आवाजाचं एकेक काम करणारे आणि वायरींनी एकमेकांना जोडायचे सुटे भाग, त्यानंतर.

माझं भंडारा जिल्ह्यात, लाखांदूरकडे, मोटर वाइंडिंग आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी झाली की आमच्याकडे मंडई, शंकरपट आणि रात्रभर नाटकं. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात, रात्री दहाला उघडलेला पडदा पहाटेच पडतो. लहानपणापासून मी नाटक पाहायला जायचो ते वादकांच्या अंगाला खेटून बसायला. ऑर्गनवाले मास्तर भात्यावर पाय मारता मारता नटीच्या तोंडाकडे बघायचे आणि तिने श्वास घेतला की त्यांचा सूर हजर असायचा. मला वाजवायचं होतं, पण आमच्या घरी पेटी नव्हती, सोल्डरिंग गन होती. म्हणून मी सिंथेसायझर बनवला.

दोन ऑसिलेटर (मूळ सूर काढणारे), एक फिल्टर (सुराचा पोत बदलणारा), एक व्हीसीए (आवाज लहान-मोठा करणारा), एक एन्व्हलप (प्रत्येक सूर कसा चढेल-उतरेल ते ठरवणारा), आणि साध्या कीबोर्डवरून व्होल्टेज काढणारं एक मॉड्यूल. सगळं किट मागवून किंवा सर्किट बघून हाताने जोडलेलं. पॅनेल स्लायडिंगच्या खिडक्या बनवणाऱ्याकडून २ मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचे कापून घेतले. पेटी सुताराकडून सागाची. मॉड्यूलसाठी डोप्फर या जर्मन कंपनीचं माप जगभर चालतं, पॅनेलची उंची १२८.५ मिलिमीटर आणि रुंदी एचपी या एककात, एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर. ८४ एचपी म्हणजे जवळपास ४२ सेंटिमीटर ७ मिलिमीटर. सुताराला मी हे मिलिमीटरमध्ये सांगितलं, त्याने ते इंचात टेपवर शोधलं, आणि तरी पेटी इतकी नेमकी आली की पहिलं पॅनेल बसताना हवा निघाल्याचा आवाज झाला.

एका कंपनीच्या निर्मात्याने जानेवारीत संधी दिली. पहिल्या अंकात वादळ, स्मशानाचा देखावा, देवी प्रकट होते तो प्रसंग. ते सगळं मी वाजवलं आणि लोक गप्प बसून ऐकत होते. त्यांच्या अंगावर काटा आला होता, हे मी मान वळवून पाहिलंय. फक्त हॅलोजन पेटले की माझ्या आवाजात भणभण मिसळायची. मला वाटलं अर्थिंग असेल.

दुसऱ्या अंकात नायिकेचं पद होतं. ऑर्गनबरोबर तीच चाल मी वरच्या सप्तकात धरायची, असं ठरलं होतं. दुपारी चार वाजता, टिनाच्या शेडखाली, मी ऑसिलेटर ऑर्गनशी जुळवले होते. तेव्हा तिथे ३० अंश असतील. पद आलं तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता, शेतातला मंडप, पॅनेलवर बोट फिरवलं तर दव लागत होतं. १२ अंशांच्या वर नसणार. खालचा सा बरोबर लागला. मध्यम, पंचम कसेबसे निभले. ती तार सप्तकातल्या सा वर गेली आणि माझा सा तिच्या डोक्यावरून गेला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गाणं तोडलं. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. मास्तरांनी ऑर्गनवरचा एक हात काढून माझी वायर मिक्सरमधून उपटली आणि दुसऱ्या हाताने तिला सूर देऊन पद पुन्हा उभं केलं.

पहाटे चहाच्या टपरीवर ते शांतपणे म्हणाले, "बाबू, ज्याले सा नाई ना, ते वाद्य नाई होय. मशीन होय ते. तू मोटारी गुंडाळ."

मी म्हटलं, "मास्तर, तुमी उद्या ऐका." त्यांनी ऐकलं नाही. कंपनीनेही पुन्हा बोलावलं नाही.

चूक कुठे झाली ते शोधायला मला दोन महिने लागले, आणि ती चूक तुम्ही करणार आहात म्हणून सविस्तर सांगतो. ऑसिलेटरला दर सप्तकाला एक व्होल्ट द्यायचा, हे तुम्हाला माहीत असेलच. अर्धा सूर म्हणजे सुमारे ८३ मिलिव्होल्ट. हे व्होल्टेज आत ट्रान्झिस्टरच्या एका जोडीतून घातांकी करंट बनून बाहेर येतं, म्हणजे व्होल्टेज एकाने वाढलं की करंट दुप्पट. पण त्या जोडीचा स्वभाव तापमानावर जातो, दर अंशाला साधारण ०.३३ टक्के. त्याचा तोल सांभाळायला तिथे ३३०० पीपीएमचा (म्हणजे तोच ०.३३ टक्के) टेम्पको रेझिस्टर लागतो, जो तापमानाबरोबर तेवढ्याच प्रमाणात बदलतो, आणि तो ट्रान्झिस्टरच्या अंगाला चिकटून बसवावा लागतो. नागपूरच्या सीताबर्डीवर चार दुकानं फिरून मला तो मिळाला नाही. बाहेरून मागवायचा तर रेझिस्टरपेक्षा कुरिअर महाग. मी तिथे साधा २ किलोओहमचा रेझिस्टर टाकला. घरात, एका बैठकीत, फरक कळला नाही. १८ अंश उतरल्यावर सप्तक सहा टक्क्यांहून जास्त ताणलं गेलं, म्हणजे अर्ध्या सुराचा पाऊण भाग. खालचा सा बरोबर आणि वरचा चढलेला, ते याचमुळे. पहाटेच्या त्या चहाच्या वेळी मला हे माहीत असतं तर मास्तरांना तिथेच उत्तर दिलं असतं.

तुमच्या यवतमाळात मे महिन्यात ४५ अंश होतं आणि जानेवारीत पहाटे हात गारठतात. पुण्या-मुंबईच्या माणसाने दिलेला सल्ला एसीच्या खोलीसाठी असतो. अ‍ॅनालॉग ऑसिलेटर घ्याल तर टेम्पको आहे की नाही, हे आधी विचारा. "तापमानाचा फारसा फरक पडत नाही" असं विकणारा म्हणाला तर घेऊ नका.

आता भणभण. माझा पॉवर सप्लाय १२-०-१२ ट्रान्सफॉर्मरवर ७८१२ आणि ७९१२ हे व्होल्टेज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर लावून केलेला होता, कारण तो ट्रान्सफॉर्मर कुठेही मिळतो. २३० व्होल्टवर तो छान चालतो. पण धानाला पाणी सुरू असलं, सगळे पंप चालू असले की आमच्याकडे संध्याकाळी १७०–१८० व्होल्ट येतात. तेव्हा रेग्युलेटरला लागणारे वरचे दोन व्होल्ट उरतच नाहीत आणि १०० हर्ट्झची भणभण थेट सुरात शिरते. मंडपात हॅलोजनचा भार आला की तेच व्हायचं. १५-०-१५ लावा म्हणतात, ते खरं आहे, पण रात्री पंप बंद झाले की २५० येतात आणि रेग्युलेटरवर पापड भाजता येतो.

मी शेवटी ट्रान्सफॉर्मर सोडला. ९ ते १८ व्होल्ट डीसी घेऊन अधिक-उणे १२ देणारं डीसी-डीसी कन्व्हर्टर मिळतं, त्याच्या पुढे कॉइल आणि कपॅसिटरचं फिल्टर लावलं. घरी त्याला १०० ते २४० व्होल्टवर चालणारा अ‍ॅडॉप्टर लावतो. बाहेर फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी. माझी पेटी जेमतेम एक अँपिअर खाते, पाच-सहा तास निघतात. पहाटेपर्यंत वाजवायचं तर दुसरी भरलेली बॅटरी जवळ ठेवतो. जनरेटर बंद पडला तरी माझा सूर चालू राहतो, आणि फवारणी पंप तर तुमच्या घरी असेलच. प्रत्येक मॉड्यूल अधिक १२ वर आणि उणे १२ वर किती मिलिअँपिअर घेतं ते लिहून काढा, बेरीज करा, आणि सप्लायची ताकद त्याच्या दीडपट ठेवा. ही बेरीज म्हणजेच तुमचं खरं नियोजन. ऑनलाइन रंगीत पॅनेल जुळवून पेटीचं चित्र काढणं म्हणजे नियोजन नव्हे.

मास्तरांच्या वाक्याबद्दल मला बोलायचंच आहे, कारण तुम्हालाही कुणीतरी ते ऐकवणार आहे. "हे परदेशी मशीन, आपल्या गाण्याचं नाही." पेटी कुठली आहे? ती युरोपातून आली आणि कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांनी तिला हाताचा भाता लावून आपल्या मांडीजवळ आणून ठेवलं. आकाशवाणीने १९४० साली याच पेटीवर बंदी घातली आणि ती तीस वर्षं टिकली. कारण काय, तर तिच्यात मींड निघत नाही आणि श्रुती बसत नाहीत. जो सूर पट्टीखाली आहे तोच निघणार. आणि मूग सिंथेसायझर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ सालीच आला होता, डेव्हिड ट्यूडर नावाच्या अमेरिकन संगीतकाराने तो तिथे बसवून दिला. पन्नास वर्षांवर झाली. आपल्याकडे हे यंत्र नवीन नाही, फक्त आपल्या खेड्यात आलं नव्हतं.

मींड मला एका स्ल्यू मॉड्यूलवर मिळते, ते व्होल्टेज एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत नेतं. श्रुती मला पोटेन्शिओमीटरवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायच्या फिरत्या मुठीवर, मिळतात. पेटीचा शुद्ध गांधार सा पासून ०.३३३ व्होल्टवर असतो. तंबोऱ्याच्या खरजाच्या तारेतून जो गांधार आपोआप ऐकू येतो तो ०.३२२ वर. अकरा मिलिव्होल्टचा फरक, पण कान असलेल्याला तो काट्यासारखा टोचतो.

त्या रात्रीनंतर दुसऱ्या पावसाळ्यात मास्तर कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन दुकानात आले. मी तोवर टेम्पको बसवला होता, ट्रान्झिस्टरवर पेस्ट लावून, दोऱ्याने बांधून. अ‍ॅम्प्लिफायर उघडायच्या आधी मी सा लावला, त्यावर पेटीचा गांधार ठेवला आणि पोटेन्शिओमीटरची मूठ त्यांच्या बोटांत दिली. म्हटलं, "मास्तर, तुमाले वाटते तिथं ठेवा." त्यांनी डोळे मिटले. मूठ केसभर उतरवली, थोडी जास्त झाली, परत वर आणली, थांबले. सा आणि गांधार यांच्यातली थरथर पूर्ण बसली, दुकानातला पत्रा वाजायचा थांबला. मल्टिमीटर लावला तर ०.३२ आणि पुढचा आकडा दोन-तीनमध्ये हलत होता. मास्तर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा आमच्या पेटीत नाई." वाद्य की मशीन, त्याबद्दल ते आजही काही म्हणत नाहीत, पण आता सराव असला की मला आधी सा धरायला सांगतात.

तुमच्या मूळ प्रश्नाचं: ऑसिलेटर एकच घ्या. फिल्टर एक, एन्व्हलप एक, एलएफओ (सूर किंवा आवाज संथपणे हलवणारा) एक, स्ल्यू एक, आणि व्हीसीए मात्र दोन तरी. नवशिका ऑसिलेटरवर पैसे घालतो आणि व्हीसीएला विसरतो, मग सगळं एकसुरी भोंग्यासारखं वाजतं. तयार चांगलं मॉड्यूल १०० ते ३०० युरोला पडतं, वर कुरिअर आणि कस्टम ड्युटी. म्हणजे ६० हजारांत तयार मालाची तीन-चारच येतील आणि केस-पॉवरला काही उरणार नाही. किट जोडा. आणि पैसे काढायच्या आधी दोन महिने व्हीसीव्ही रॅक वापरा, फुकट आहे, संगणकावर हीच मॉड्यूल्स हीच वायरिंग करून चालवता येतात. दोन महिन्यांत ज्या मॉड्यूलला तुमचा हात रोज गेला ते घ्या.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. डिजिटल ऑसिलेटर घेतला तर तापमानाची एवढी भानगड राहत नाही, त्याचा सूर क्रिस्टलवर चालतो. एमिली जिले यांचं प्लेट्स (Plaits) हे डिजिटल मॉड्यूल ओपन सोर्स आहे, त्यामुळे त्याच्या नकला बऱ्याच स्वस्तात मिळतात. तुम्हाला स्टेजवर चालच वाजवायची असेल तर तेच बरं. मला ट्रान्झिस्टरचा आवाज आवडतो म्हणून मी त्या वाटेने गेलो नाही.

आणि रिबन केबलवरची लाल पट्टी. आपण वायरमन लोक लाल म्हणजे प्लस धरतो. इथे लाल पट्टी उणे १२ ची असते. केबल उलटी लागली आणि मॉड्यूलला संरक्षणाचे डायोड नसले तर ते गेलंच. पहिल्यांदा लावताना दिवसा लावा, उजेडात, आणि प्लग बोर्डात घालायच्या आधी दोनदा बघा.