स्टेटस बघतात सगळे, बोलत कुणीच नाही

प्रश्न: ताई, मी ४२ वर्षांची, गृहिणी. यंदा गौरींची आरास रात्री दोनपर्यंत जागून केली, जुन्या पैठणीच्या काठांची महिरप लावली. फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकला तर ६३ जणांनी बघितला आणि बोलले फक्त चौघं, त्यातले दोन नुसते अंगठे. मोठ्या जाऊबाईंनी (आता घरं वेगळी, गौरी पण वेगळ्या) पाच मिनिटांत बघितला पण एक शब्द नाही. त्यांच्याकडे त्या दिवशी तीस पानं होती, सोळा भाज्यांसकट सगळं एकटीने केलं म्हणे, मग स्टेटस बघायला बरा वेळ मिळाला! मी सारखी कुणी बघितलं ते चेक करत होते, नवरा हसतो. माझं काही चुकतंय का?

उत्तर: चुकत नाहीये हो. कौतुक कुणाला नको असतं, हा कॉलम छापून आला की मी पण दोन दिवस फोनकडे बघत बसते. पण ६३ जणांनी बघून मनात नाक मुरडलं हा जो हिशोब तुम्ही मांडलाय ना, तो काही पटत नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि मंडळींनी एक प्रयोग केला होता, २००० साली छापून आला, मुलांना बॅरी मॅनिलो या गायकाचा मोठा चेहरा असलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून बाकीची मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं जवळपास निम्म्यांनी तरी बघितलंच असणार, प्रत्यक्षात पाव जणांच्याही लक्षात आलं नव्हतं! स्टेटसचं तेच, लोक अंगठ्याने भराभर पुढे ढकलत असतात, तुमच्या आधी कुणाचे मोदक, नंतर कुणाचा बड्डे, यादीत नाव आलं म्हणजे महिरप बघितलीच असं नाही.

आणि ज्यांनी खरंच बघितली ते का गप्प? एरिका बूथबी आणि व्हेनेसा बोन्स यांचा २०२१ चा अभ्यास आहे, कौतुक करायला माणसं बिचकतात, उगाच ऑकवर्ड होईल, समोरच्याला त्याचं काय एवढं, असं धरून चालतात, आणि ऐकणाऱ्याला मात्र त्यांच्या अंदाजापेक्षा खूप जास्त बरं वाटतं. जावाजावांत तर आधी कोण बोलणार हाच मानाचा प्रश्न, तो त्या अभ्यासात कुठून येणार.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये रीड रिसीट्स (त्या निळ्या टिका) बंद केल्या की कुणी बघितलं ते दिसतच नाही, आठवडाभर करून बघा. बाकी जाऊबाईंच्या तीस पानांबद्दल तुम्ही त्यांना काय म्हणालात, ते पत्रात कुठे दिसलं नाही मला.