फिजीला दोघं ८ दिवस जातोय. पैसे कोणत्या चलनात आणि कसे न्यावेत?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात तीन ठिकाणी विचारूनही फिजीचे डॉलर मिळाले नाहीत, बँकेतला माणूस अमेरिकन डॉलरचं फॉरेक्स कार्ड गळ्यात मारतोय, आणि रोख किती ठेवावी याचा अंदाज येत नाही.

आधी ती शोधाशोध थांबवा. फिजीचा डॉलर आपल्याकडे सहसा कुणी ठेवत नाही, आणि कुणी ठेवलाच असेल तर त्याच्याकडून घेऊ नका. ज्या नोटेला गिऱ्हाईक वर्षातून दोनदा येतं, ती गल्ल्यात पडून राहिल्याचं व्याज तो तुमच्याकडूनच काढणार. मी एका सहकारी बँकेत ३१ वर्षं कॅशला बसले, तेव्हा एवढं मला कळतं. फिजीचा पैसा फिजीत काढायचा आणि तिथेच संपवून यायचं. आम्ही दोघं मागच्या वर्षी जाऊन आलो ते असंच, अर्थात दोन ठिकाणी ठेच खाऊन.

आता ते फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकी चलन आधीच भरून न्यायचं कार्ड. आपल्याकडच्या मल्टिकरन्सी कार्डांवर अमेरिकन, ऑस्ट्रेलियन, सिंगापूरचा डॉलर, युरो, पौंड असं सगळं मिळतं. फिजीचा डॉलर माझ्या पाहण्यात एकाही कार्डावर आलेला नाही. म्हणजे इथे रुपयांचे अमेरिकन डॉलर होताना बँक एकदा कापणार. तिथे कार्ड वापरलं की त्या डॉलरचे फिजी डॉलर होणार, तेव्हा ‘क्रॉस करन्सी’ म्हणून पुन्हा कापणार. हा दर साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो, वर त्या फीवर १८ टक्के जीएसटी. फिजीचा डॉलर साधारण ३८ रुपये धरा. १,००० डॉलर खर्च केले तर ३८,००० रुपये, त्यावर साडेतीन टक्के म्हणजे १,३३० आणि जीएसटी धरून जवळजवळ १,५७०. एवढ्यात फिजीतल्या नांदी गावच्या बाजारातली आठवड्याची भाजी येते. बँकवाल्याला विचारा, “या कार्डावर फिजी डॉलरला क्रॉस करन्सी चार्ज किती?” तो गडबडेल, पण टॅरिफच्या कागदावर तो आकडा असतो.

त्यापेक्षा ज्यावर परकी चलनाचं मार्कअप, म्हणजे दरावर बँक लावते ती जादा टक्केवारी, लागत नाही असं एक डेबिट किंवा क्रेडिट कार्ड बघा. बऱ्याच बँका आता देतात. साध्या कार्डावर दोन ते साडेतीन टक्के जातात, त्यामुळे या कार्डासाठी महिनाभर आधी अर्ज करावा लागला तरी करा. व्हिसा किंवा मास्टरकार्डच घ्या, रुपेच्या भरवशावर तिथे जाऊ नका. दोघांची दोन वेगळी कार्डं, वेगळ्या बँकांची, आणि दोन वेगळ्या पाकिटांत. रोख काढायला डेबिटच. क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख काढली की त्याच दिवसापासून व्याज सुरू.

आणि हे घरून निघण्यापूर्वीच करा: बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशातला वापर चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतं. एटीएम, दुकानातलं मशीन आणि ऑनलाइन, अशी तिन्ही बटणं वेगळी असतात. आमच्या ह्यांनी एकच चालू केलं होतं. ओटीपीसाठी भारतातलं सिम रोमिंगवर जिवंत ठेवा. फोनपे, गूगलपे विसरून जा. तिथे दुकानादुकानांवर ‘एम-पैसा’ अशी पाटी दिसेल आणि क्षणभर आपलंच काही वाटेल, पण ते तिथल्या व्होडाफोनचं मोबाइल वॉलेट. तसंच बँक ऑफ बडोदाचं. ती १९६१ पासून फिजीत आहे, पाटी बघून ह्यांना भरून आलं, पण आपलं इथलं पासबुक घेऊन तिथे काही होत नाही.

आता प्रत्यक्ष पोचल्यावर. विमान नांदीला उतरतं. इंग्रजीत लिहिताना मधला न गाळतात, पण म्हणतात नांदीच, आपल्या नाटकातली. विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडलात की एटीएम आहेत. तिथेच पैसे काढा, पण एकदाच आणि भरपूर. परक्या कार्डाला तिथली बँक दर वेळी ठरावीक फी लावते, तुम्ही किती काढता याच्याशी तिला देणंघेणं नाही. मला १५ डॉलर लागले. भीत भीत १०० काढले असते तर १५ टक्के गेले असते, ६०० काढले म्हणून अडीच टक्क्यांवर निभावलं. दोघांना ८ दिवस, हॉटेल आधीच भरलेलं असेल तर ६०० डॉलर रोख पुरते, म्हणजे २२-२३ हजार रुपये. बाकी सगळं कार्डावर.

मशीन ५० च्या नोटा देतं, आणि खरी पंचाईत तिथून सुरू होते. नांदीच्या भाजीबाजारात वजनकाटा फारसा दिसत नाही. वांगी, मिरच्या, टोमॅटो यांचे ढीग लावलेले असतात. त्याला ते लोक ‘हीप’च म्हणतात, एका हीपचे दोन-तीन डॉलर. मी वांग्यांचा ढीग उचलला आणि ५० ची नोट पुढे केली. बाई आमच्यासारखीच, कपाळाला टिकली, ‘राम राम’ म्हणाली. तिचे पूर्वज गिरमिटात, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेले. १८७९ ते १९१६ या काळात ऊसमळ्यांसाठी जी माणसं नेली त्यांचे हे वंशज, त्यामुळे हिंदीवर सगळं भागतं. नोट बघून ती हसली, शेजारणीकडे गेली, तिच्या शेजारणीकडे गेली, आणि पाच मिनिटांनी मूठभर नाणी आणि नोटा घेऊन परत आली. मी सवयीने मोजायला लागले तर त्यात एक नोट ७ ची. एकतीस वर्षांत लाखो नोटा बोटांखालून गेल्या, पण सातची नोट कधी पाहिली नव्हती. मला वाटलं बाईने बनवलं. मी ती उजेडात धरली, अंगठ्याने कागद चोळला, सगळं केलं. ती आणि शेजारीण पोट धरून हसत होत्या. नोट खरी निघाली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये फिजीने रग्बी सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या रग्बीच्या, अंतिम सामन्यात ब्रिटनला ४३-७ असं हरवलं. देशाचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक, तेही सोन्याचं. त्याची आठवण म्हणून तिथल्या रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ७ डॉलरची नोट काढली. मी ती खर्च केली नाही.

सांगायचं काय, तर पहिल्याच दिवशी सुपरमार्केटमधून पाण्याच्या बाटल्या घेताना ५० मोडा. ५, १० आणि २० च्या नोटा वेगळ्या ठेवा. १ आणि २ डॉलरची नाणी असतात. एक-दोन सेंटची नाणी बंद झाल्यामुळे रोखीचं बिल जवळच्या पाच सेंटला पूर्ण करतात, तेव्हा दोन सेंट कमी मिळाले म्हणून भांडू नका.

बेटांवर जाणार असाल, मामानुथा किंवा यासावाला, तर देनाराऊच्या धक्क्यावर बोटीत बसायच्या आधी रोख मोजून घ्या. लहान बेटांवर एटीएम नसतं. आमच्या रिसॉर्टवर सगळा खर्च खोलीच्या नावावर लिहीत आणि शेवटी कार्ड, म्हणून आम्ही निर्धास्त होतो, जवळ ४० डॉलर. दुसऱ्या रात्री पाऊस आला, इंटरनेट गेलं, कार्डाचं मशीन बंद. ते दीड दिवस बंदच राहिलं. शेजारच्या बेटावर नेणारा होडीवाला रोखीशिवाय हलेना, त्याचंही बरोबरच होतं. आम्ही वाळूत बसून राहिलो. तेव्हा बेटावर माणशी १५० तरी रोख हवीच. कार्डावर तीनेक टक्के जादा लावणारी रिसॉर्टं बरीच आहेत, बुकिंग करतानाच विचारा.

दुसरी ठेच माझ्या हाताची. निघताना बिल झालं १,२४० डॉलर. रिसेप्शनवरच्या मुलीने मशीन पुढे केलं, त्यावर दोन पर्याय: फिजी डॉलर, नाहीतर भारतीय रुपये ४९,६००. रुपये दिसल्यावर बरं वाटलं, दाबलं. आमच्या कार्डाला मार्कअप नव्हतं, डॉलर दाबले असते तर ४७,१०० च्या आसपास गेले असते. अडीच हजार रुपये एका बोटाने. कॅशियर असून! एटीएमच्या पडद्यावरही हाच प्रश्न येतो, कधी ‘गॅरंटीड रेट’ अशा गोड नावाने. नेहमी तिथल्याच चलनावर बोट ठेवा.

गाव बघायला जायचं असेल तर आणखी एक खर्च धरा. गावच्या मुखियापुढे यांगोनाची, म्हणजे कावाची, मुळं ठेवायची रीत आहे, तिला सेवुसेवु म्हणतात. रोख पाकीट देऊ नका, ते बरं दिसत नाही. नांदीच्या बाजारात जुडी बांधूनच मिळते, अर्ध्या किलोला आम्ही ५५ डॉलर दिले. टिप देण्याची तिथे पद्धत नाही. रिसॉर्टमध्ये नोकरांच्या नाताळ फंडाची पेटी असते, त्यात टाकावं.

अडीनडीसाठी इथून दोघांत मिळून ४०० अमेरिकन डॉलर न्या, कोऱ्या नोटा, कोपरा दुमडलेली एकही नको. नांदीच्या मेन स्ट्रीटवर चलन बदलणारे भरपूर आहेत. ऑस्ट्रेलियातून लोंढे येतात, म्हणून ऑस्ट्रेलियन डॉलरला भाव चांगला मिळतो. पण हा पैसा वापरायचा नाहीच असा इरादा असेल तर अमेरिकन बरा, पुढच्या प्रवासाला चालतो. नियमाप्रमाणे एका प्रवासाला माणशी ३,००० अमेरिकन डॉलरपर्यंत रोख नेता येते, तेव्हा तुम्ही कुठेच अडकत नाही. परवानाधारकाकडूनच घ्या, पासपोर्ट, पॅन आणि तिकीट न्या, पावती जपा. वर्षाला १० लाखांच्या आत परकी चलन घेतलं तर टीसीएस, म्हणजे चलन देणारा जागेवरच कापून घेतो तो कर, लागत नाही. टूर कंपनीचं पॅकेज घेतलं तर त्याचा हिशेब वेगळा, तो त्यांनाच विचारा. भारतीय रुपये माणशी २५,००० पर्यंत जवळ ठेवता येतात, पण ते परत आल्यावर टॅक्सीला. तिथे बदलून मिळतील या आशेवर नेऊ नका.

परत निघताना उरलेल्या नोटा नांदी विमानतळावरच मोडा. मुंबईत त्या कुणी हातात घेणार नाही. आल्यावर २,००० अमेरिकन डॉलरच्या किमतीपर्यंत परक्या नोटा जवळ ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत परत कराव्या लागतात. नाण्यांना मात्र मर्यादा नाही, कितीही ठेवा. चलन बदलणारे ती घेतही नाहीत, त्यामुळे शेवटच्या दिवशी चॉकलेटं घेऊन संपवा. माझ्या शिवणाच्या डब्यात ४ डॉलर ७० सेंट अजून आहेत, सातच्या नोटेत गुंडाळून.