मराठवाड्यात राहून लडाखच्या खारदुंगला चॅलेंजची तयारी करता येते का?

हो, पायांची तयारी इथेच होते. फुप्फुसांची मात्र लेहला जाऊनच.

ही धावण्याची शर्यत ७२ किलोमीटरची. खारदुंग गावातून सुरू होते, सुमारे ५,३७० मीटरवरची खिंड ओलांडून लेहला उतरते. छत्रपती संभाजीनगर जेमतेम साडेपाचशे मीटरवर. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी. इथे कितीही पळा, त्याची सवय होत नाही. म्हणून निदान दोन आठवडे आधी लेह गाठा, पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्या. रजा मिळत नसेल तर यंदा नाव नोंदवू नका, असं मी स्पष्टच सांगेन.

इथे म्हैसमाळचा घाट धरा. चढावर झपझप चालायला शिका, खिंडीकडे जाताना बहुतेक जण चालतातच. उताराचा सराव तर हमखास टाळला जातो. खिंडीनंतरच्या लांबलचक उतारावर मांड्या अशा भरून येतात की पाऊल टाकवत नाही. देवगिरीच्या पायऱ्या उतरतानाही गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं टाका.

लडाखमध्ये डोकं ठणकून उलट्या झाल्या, तोल जायला लागला, तर थांबून लगेच खाली उतरा.